खंडेनवमीला पुसलेलं मशीन

उज्वला विधाते तापट आहे, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणीही सांगेल. तापट आहेच. पण ती कशावर तापली होती, हे कुणी सांगत नाही. जो तो हात हलवून म्हणतो, "बाईचा स्वभावच तसा." मला हे ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून आता मीच सांगते.

मी तिथे मायक्रोबायोलॉजी शिकवायचे. उज्वला नव्वदच्या दशकात माझी विद्यार्थिनी होती. मखमलाबादच्या मोतीराम विधात्यांची मुलगी. घरी भाजीपाला आणि झेंडू. सकाळी वडिलांबरोबर फुलबाजारात क्रेट उतरवून मग ही पोरगी लेक्चरला यायची आणि पहिल्या बाकावर बसून मला प्रश्न विचारून हैराण करायची. फुलांचा भाव पाडून मागणाऱ्या माणसाशी बोलायची तिची जी रीत होती, त्याच रीतीने ती पुस्तकाशी भांडायची. "मॅडम, हे असं कशावरून?" हे तिचं पालुपद. पुढे ती शेजारच्या बायोटेक्नॉलॉजी विभागात लेक्चरर झाली आणि पीएच.डी.ला बसली. मार्गदर्शक मिळाले विभागप्रमुख डॉ. गायधनी. इथून पुढचं सगळं दुखणं त्यांच्यापायी.

तिचा विषय होता द्राक्षावरची डावणी. नाशिककडच्या बागायतदाराला या रोगाबद्दल काही सांगावं लागत नाही. ढगाळ हवा आली, पानाखाली पांढरी बुरशी दिसली, की माणूस रात्रीचा झोपत नाही. उज्वला वेगवेगळ्या बागांतून रोगट पानं आणायची, त्यातल्या बुरशीचा डीएनए वेगळा करायची आणि तो हैदराबादला वाचायला पाठवायची. तिकडून अक्षरांच्या लांबच लांब ओळी यायच्या. त्या ओळी ती लॅबमधल्या, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या मशीनवर एका प्रोग्रामला द्यायची. प्रोग्राम त्यांची एकमेकींशी तुलना करून एक वंशावळ काढायचा: कोणती बुरशी कुणाच्या जवळची, कोणती लांबची. परदेशातल्या एका विद्यापीठाने फुकट वाटलेला प्रोग्राम होता. तो तिने २००२ साली स्वतःच उतरवून त्या मशीनवर बसवला होता. आमच्याकडे तेव्हा हे करणारं दुसरं कुणी नव्हतं.

वंशावळीत दोन फांद्या निघाल्या. वणीकडची आणि मखमलाबादची पानं एका फांदीवर, आणि २००५च्या पावसाळ्यात निफाडहून आणलेली सगळी पानं दुसऱ्या. म्हणजे निफाडची डावणी वेगळ्या कुळाची! उज्वला म्हणाली, अजून एक हंगाम बघू, मग बोलू. गायधनी सरांना दम कुठला? त्यांनी स्वतःच्या फोटोसकट पेपरात छापून आणलं: निफाडची डावणी वेगळी आहे, नेहमीचं औषध पुरेसं पडणार नाही, सोबत दुसरंही फवारा. निफाडला उज्वलाचे मामा राहतात, सावळीराम. पानं त्यांच्याच बागेतली. पेपर वाचून त्यांनी भाचीला विचारलं, "उजे, खरं हाय का गं?" ती म्हणाली, "मामा, मशीनवर तर तसंच आलंय." मामांनी दुसरं औषध फवारायला सुरुवात केली. त्यांचं बघून शेजाऱ्यांनीही.

प्रबंध सादर झाला. मग आली २००६ची खंडेनवमी.

आपल्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पुसून पुजतात. कारखान्यात लेथ पुजतात, शेतात औत पुजतात, आमच्या कॉलेजात संगणक पुजायला लागले. माझी काही तक्रार नाही. ज्याच्यावर पोट चालतं त्याला दोन फुलं वाहिली तर बिघडलं कुठे? पण गायधनी सरांना दर वर्षी काहीतरी ज्यादा करून दाखवायचं असे. त्या वर्षी प्राचार्य आरतीला येणार होते. सरांनी लॅब असिस्टंट गोरक्षला बोलावून फर्मान सोडलं, "मशीन नुसती वरून पुसायची नाहीत. आतूनही स्वच्छ करायची. सगळी फॉरमॅट मार, नवीन लिनक्स टाक, जे जे लागतं त्याचं लेटेस्ट टाक. पूजेला सगळं कसं कोरं करकरीत पाहिजे."

उज्वला त्या दिवसांत रजेवर होती. दसऱ्याला झेंडूचं पीक असलेल्या घरातली मुलगी आणखी कुठे असणार? वडिलांबरोबर क्रेट भरत होती. खंडेनवमीला दुपारी ती कॉलेजसाठी फुलांची पाटी घेऊन आली, तेव्हा तिचं मशीन हळदकुंकू लावून, हार घालून बसलं होतं. हारसुद्धा विधात्यांच्याच मळ्यातला. तिने सहज चालू केलं. आत तिचं काहीच नव्हतं.

मी आवाज ऐकून धावत गेले. ती गोरक्षवर ओरडत होती, आणि तो बिचारा भिंतीला टेकून म्हणत होता, "मॅडम, सरांनीच सांगितलं. तुमचा सगळा डेटा मी आधी सीडीवर घेतला ना! एक फाईल हलली नाही."

"आणि प्रोग्राम?"

"तो पण टाकला ना मॅडम. नवीन व्हर्जन. जुन्यापेक्षा चांगलं."

गायधनी सर आरतीचं ताट घेऊन आले आणि हसून म्हणाले, "विधाते मॅडम, डेटा आहे, प्रोग्राम आहे. आता काय मशीनला जुनी धूळ पण परत लावून देऊ?"

सगळे हसले. प्राचार्यही हसले. उज्वलाने मशीनच्या गळ्यातला हार काढला, टेबलावर ठेवला आणि निघून गेली. झालं, बाई नास्तिक आहे, देवाधर्माचा अपमान करते, अशी बोंब दिवाळीपर्यंत चालली. तिच्या घरात त्या आठवड्यात देवाच्या किती फुलांना हात लागले असतील याचा हिशेब कुणाला करायचा नव्हता.

दिवाळीनंतर तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक आले होते, वयस्कर आणि शांत. प्रबंध त्यांनी खरोखर वाचलेला होता, आमच्याकडे हेही नवलच. त्यांनी दोन फांद्यांच्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे आत्ता माझ्यासमोर परत काढून दाखवा."

तिने काढलं. सीडीवरच्या त्याच ओळी, त्याच नावाचा प्रोग्राम. पडद्यावर वंशावळ आली आणि तिच्यात एकच फांदी होती. निफाड, वणी, मखमलाबाद सगळं एकमेकांत मिसळलेलं.

परीक्षक म्हणाले, "मग छापलेलं चित्र कुठून आलं?"

"याच डेटातून आलं, सर. प्रोग्रामचं व्हर्जन वेगळं होतं. ते पुसलं गेलं."

"कोणतं व्हर्जन? प्रबंधात नुसतं नाव आहे."

हे खरं होतं. तेव्हा आम्ही सगळेच नुसतं नाव लिहायचो. परीक्षकांनी चष्मा काढला आणि सौम्यपणे म्हणाले, "बाई, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण हे चित्र पुन्हा निघेपर्यंत मी खरंही म्हणू शकत नाही. महिन्याभराने परत येतो."

संध्याकाळपर्यंत कॉलेजभर झालं की विधाते मॅडमनी चित्र बनवलं. हातानं बनवलं! ज्या मुलीने बाजारात कालची फुलं आजची म्हणून कधी विकली नाहीत, ती चोर ठरली. आणि गायधनी सर? पेपरात फोटो त्यांचा, फर्मान त्यांचं, पण स्टाफरूममध्ये ते म्हणाले, "विद्यार्थ्याने काय केलं ते मार्गदर्शकाला कसं कळणार?" मी हातातला कप आपटला. फुटला. त्याचं मला अजूनही काही वाटत नाही.

उज्वला रडली नाही. ती कामाला लागली, आणि ते काम बघून मला पहिल्यांदा कळलं की ही भानगड केवढी खोल असते. त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फक्त नवं व्हर्जन होतं. तिने ई-मेल टाकला. तिथल्या एका भल्या माणसाने जुन्याचा कोड शोधून पाठवला. आम्ही खूश. पण तो कोड आमच्या नव्या लिनक्सवर चालेना. त्याला एक जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, हवी होती. ती लायब्ररी मिळवली, तर ती नव्या यंत्रणेवर बसेना. जुन्या मिक्सरचं भांडं नव्या मिक्सरवर बसत नाही, तसं. एक जुनं आणावं तर ते आणखी दोन जुनी मागे. शेवटी तिने की-बोर्ड सरकवून दिला आणि म्हणाली, "मॅडम, २००२चं आख्खं लिनक्सच पाहिजे. त्याच्या सगळ्या गोतावळ्यासकट."

"मग सीडी कुठे आहेत त्याच्या?"

ती दात-ओठ खात म्हणाली, "मामाच्या बागेत."

मला कळेना. तर झालं असं होतं की, आदल्या वर्षी तिने कपाट आवरलं होतं. नवं लिनक्स आलंय, जुन्या सीडी कशाला, म्हणून एक पिशवी भरून मामांना दिली होती. द्राक्षं पिकायला लागली की पाखरं येतात, आणि उन्हात चमकणाऱ्या सीडी तारेला टांगल्या की बुजतात. निफाडकडे तेव्हा बऱ्याच बागांत त्या फिरताना दिसायच्या. गोरक्षने जे केलं तेच आपणही केलं होतं, नवं आलं म्हणून जुनं टाकून दिलं होतं, या गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त राग आला होता. बसमध्ये निफाडपर्यंत ती खिडकीबाहेर बघून स्वतःलाच शिव्या देत होती.

मामांनी आमच्या पुढ्यात डोक्याला हात लावला. "उजे, पाखरांसाठी दिलेल्या चकत्या परत मागती? लय कमाल हाय बुवा तुझी."

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत पिशवी होती आणि पिशवीत काही उरल्या होत्या. लिनक्सच्या तीनपैकी दोन त्यातच निघाल्या. तिसरी तारेवर होती. आम्ही तिघं ओळीओळीने हिंडलो. उन्हाने बहुतेकांचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटला होता, बोट लावलं तर हातात येई. तिसरी सापडली ती बांधाकडच्या दाट पानांच्या आत, सावलीत, वाऱ्याने हलायलाही जागा नाही अशी. पाखरांच्या दृष्टीने फुकट गेलेली. उज्वलाने ती ओढणीने पुसली आणि कुशीत धरून नाशिकला आणली.

एका टाकाऊ मशीनवर तिने ते जुनं लिनक्स चढवलं. तिसरी सीडी दोनदा अडकली, मग वाचली. त्यावर जुन्या लायब्ऱ्या, त्यावर जुना प्रोग्राम. त्याच ओळी दिल्या. पडद्यावर दोन फांद्या आल्या, प्रबंधातल्यासारख्या, रेघ न् रेघ.

मी तिला मिठी मारली. गोरक्ष पळत जाऊन सरांना घेऊन आला. सरांनी चित्र बघितलं आणि पेढे मागवले. कालपर्यंत ज्यांना काही माहीत नव्हतं ते म्हणाले, "मी म्हणतच होतो, आमची विद्यार्थिनी खोटं करणार नाही." पेढ्याचा बॉक्स फिरला. उज्वलाने पेढा घेतला नाही. ती दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघत होती.

"मॅडम," ती मला म्हणाली, "हे असं कशावरून?"

"काय असं?"

"डेटा तोच. मग जुनं दोन म्हणतं आणि नवं एक म्हणतं, यातलं खरं कुठलं?"

हा प्रश्न त्या खोलीत दुसऱ्या कुणालाही पडला नव्हता. मलाही नाही. आम्हाला चित्र परत मिळालं होतं, आम्ही खूश होतो.

चारेक दिवसांनी ती माझ्या घरी आली आणि दारातच म्हणाली, "सापडलं." हैदराबादच्या मशीनला जे अक्षर नीट वाचता येत नाही, तिथे ते 'वाचलं नाही' अशी खूण टाकतं. नवा प्रोग्राम ती जागा सोडून देतो. जुना मात्र त्या खुणेलाच एक अक्षर समजायचा. मग ज्या ज्या नमुन्यांत अशा खुणा जास्त, ते सगळे त्याला एकमेकांचे भाऊबंद वाटायचे. निफाडच्या नमुन्यांत खुणाच खुणा होत्या.

"निफाडच्यातच का?" मी विचारलं.

"आठवा ना. तेवढेच २००५च्या पावसाळ्यातले. भारनियमन. फ्रीजर रोज तासन् तास बंद. डीएनए खराब झाला, म्हणून नीट वाचला गेला नाही. आणि इन्व्हर्टर कुठे होता? प्राचार्यांच्या केबिनला. पंख्यासाठी!"

ती हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. निफाडची वेगळी डावणी नव्हतीच. होती ती बंद पडलेल्या फ्रीजरमधली. ज्याच्यासाठी ती रानोमाळ सीडी शोधत हिंडली, त्या चित्राने तिला खरं ठरवलं आणि त्याच वेळी तिचं सगळं काम चूक ठरवलं.

तिने सरांना सांगितलं. मी बरोबर होते. सरांनी आधी दार लावलं. मग म्हणाले, "चित्र परत आलं ना? परीक्षकाने काय मागितलं होतं? चित्र. ते दाखव आणि पदवी घे. जास्त बोलायचं काम नाही."

"सर, लोक दुसरं औषध फवारतायत."

"औषधाने कुणी मरत नाही. माझं नाव पेपरात गेलंय, उज्वला."

"तेच तर म्हणते, सर. तुमचं नाव गेलंय, म्हणून तुम्हीच परत छापा."

मग त्यांचा आवाज चढला, तिचाही चढला, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये उभ्या असलेल्या पोरांना विधाते मॅडमच्या तापटपणाचा आणखी एक पुरावा मिळाला.

डिसेंबरअखेर परीक्षक परत आले. तिने दोन्ही मशीन शेजारी शेजारी मांडली, जुनं आणि नवं. आधी जुन्यावर दोन फांद्या काढून दाखवल्या. परीक्षकांनी मान हलवली, सरांचा चेहरा खुलला. तिथे ती थांबली असती तर डॉक्टर होऊन बाहेर आली असती. ती थांबली नाही. नव्यावर एक फांदी काढली, खुणांची गोष्ट सांगितली, फ्रीजरची सांगितली आणि म्हणाली, "सर, मी चित्र बनवलं नव्हतं. पण माझा निष्कर्ष चूक आहे. तो मी मागे घेते."

परीक्षक उठून उभे राहिले आणि त्यांनी तिला नमस्कार केला. पण नमस्काराने पदवी मिळत नाही. मुख्य प्रकरणच गेल्यावर प्रबंधात काय उरलं? नव्याने नमुने, नव्याने काम, असा शेरा पडला. गायधनी सरांनी त्याच दिवशी मार्गदर्शक म्हणून आपलं नाव काढून घेतलं. पेपरात त्यांनी काही छापलं नाही. पुढच्या वर्षी त्यांचा सत्कार झाला. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

त्या दुपारी कॉलेजातून निघालो तर आभाळ भरून आलेलं. उज्वला वर बघून म्हणाली, "मॅडम, मामा आज फवारणार." आम्ही तशाच एसटीत बसलो.

निफाडला पोचलो तेव्हा मामा ट्रॅक्टरवर होते, मागे फवारणीचा ब्लोअर घरघरत होता. उज्वला सरळ ट्रॅक्टरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. मामांनी खाली उतरून तिचं सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"म्हंजी वरीसभर म्या उगीच मारलं दुसरं औषध?"

"हो, मामा."

"त्या सायबानं पेपरात छापलं तव्हा आख्खं गाव माझ्या दारी आलं व्हतं. आता तू म्हनती ते कुठं छापून आलं का?"

"नाही. येणार पण नाही."

"मंग म्या कोनाचं ऐकू? तव्हा बी तूच सांगितलं, आता बी तूच सांगती!"

इतक्या वर्षांत मी उज्वलाचा आवाज एवढा खाली गेलेला ऐकला नव्हता. ती म्हणाली, "तेव्हा एकाच मशीनवर बघितलं होतं, मामा. आता दोन्हीवर बघितलंय. चूक कुठे झाली तेही सापडलंय."

मामांनी जाऊन ट्रॅक्टर बंद केला. दुसऱ्या औषधाचा न फोडलेला डबा बांधावर होता, तो उचलून मोटारीच्या खोलीत ठेवला आणि दाराला कडी घातली.

मग पाठमोरेच म्हणाले, "बाकीच्यांना मी नाय सांगनार. माझं ऐकून फवारत्यात ते. तुझं तू सांग."

शेजारच्या बागेतून ब्लोअरचा आवाज येत होता, त्याच्या पलीकडच्या बागेतूनही. उज्वलाने चपला काढून हातात घेतल्या आणि ती चिखलातून बांध ओलांडून त्या आवाजाकडे निघाली.